होडीवरची खूण

थळच्या किनाऱ्यावर जाळी सांधणारा तो म्हातारा तरुणपणी चिनी खलाशांबरोबर जहाजावर होता. सुईने मान खाजवत त्याने त्यांच्यातली एक गोष्ट सांगितली. "एकाची तलवार चालत्या होडीतून नदीत पडली. गड्यानं लगेच होडीच्या काठावर खूण कोरली. होडी धक्क्याला लागली, तवा त्या खुणेखाली बुडी मारली! असल्या खुळ्याला ते 'होडी कोरणारा' म्हंतात."

मी पोट धरून हसलो. मग, का कोण जाणे, मनातलं बोलून गेलो. आठ वर्षांपूर्वी याच वाळूवर मी धाकट्या भावाला नाही नाही ते बोललो होतो. दरवर्षी इथे येऊन मी मनातल्या मनात त्याची माफी मागतो.

"भाऊ कुठं हाय?"

"पालीला."

"मंग साहेब, हितं कशाला बुड्या मारताय?"

मी पँटची वाळू झटकली आणि पालीला जायला एसटी कुठून मिळते, ते विचारलं.