चौकशीत उभं कोण राहणार

सांगलीच्या कोर्टात दुपारची सुटी झाली होती. मी डबा उघडला, तोच आप्पांच्या सुवर्णाचा फोन आला. "काका, आप्पा गेले…" महिना उलटला, मी तिला काय उत्तर दिलं ते अजून आठवत नाही.

आप्पा म्हणजे निवृत्त सुभेदार आनंदराव, लोणंदजवळच्या खेड्यातले. फौजेतून परतल्यावर पंचेचाळिशीत ते साताऱ्याला कायदा शिकायला आले आणि माझ्याशेजारी बाकावर बसले. मी बाविशीतला. या वयात कायदा कशाला, असं विचारलं तेव्हा त्यांनी सीमेवरची गोष्ट सांगितली. धुक्यात हालचाल दिसली, त्यांनी तुकडीला गोळीबाराचा हुकूम दिला, आणि धुकं विरल्यावर तिथं एक मेंढपाळ मरून पडलेला सापडला. चौकशीत वरिष्ठ त्यांना सांभाळून घ्यायला तयार होते. सगळं धुक्यावर ढकलता आलं असतं. "मी उभा राह्यलो नि म्हनलं, हुकूम माझा हाय. त्याच्या बापाला कुनीतरी समोर दिसाय नको व्हय रं?" बढती काही वर्षं लांबली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मेंढपाळाबद्दल बोलत.

तीनेक वर्षांपूर्वी मी त्यांना सांगलीत एका व्याख्यानाला नेलं. विषय होता, स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणारी यंत्रं. शेवटी आप्पा उठले. "साहेब, यंत्र चुकलं तर चौकशीत उभं कोन राहनार?" यावर अजून जगाचं एकमत नाही, असं वक्त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यांनी लेखच लिहायला घेतला. युद्धाचा कायदा म्हणतो, लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. तो फरक यंत्रावर सोपवला, तर बनवणारा वापरणाऱ्याकडे बोट दाखवील, वापरणारा बनवणाऱ्याकडे, आणि मेलेल्याचा बाप मधेच उभा राहील…

त्याच सुमारास सुवर्णाला, त्यांच्या एकुलत्या मुलीला, पुण्यात नोकरी लागली. ड्रोनला कॅमेऱ्यातली माणसं, वाहनं ओळखायला शिकवायचं काम. ती सांगायला आली तेव्हा मी आप्पांकडेच होतो.

"मी नुसतं ओळखायला शिकवते, आप्पा. मारायचं दुसरे ठरवतात."

"धुक्यातला मेंढपाळ वळखंल का त्ये?"

"शंभरातून किती वेळा, ते सांगता येईल."

"त्यो एकच हुता, बाळ."

दोन दिवाळ्या ती घरी आली नाही. आप्पांनी तिला बोल लावला नाही, पण शब्दही मागं घेतला नाही. मी मध्ये पडायला हवं होतं. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. ती खंत आता जायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं, तेव्हा ती आली. मारा करण्याआधी माणसाची मंजुरी हवीच, आणि ती कुणी दिली याची नोंद हवी, असं तिनं कंपनीला लेखी कळवलं होतं. त्यानंतर तिला दुसऱ्या विभागात हलवलं. हे सगळं ऐकून घेऊन आप्पा म्हणाले, "जेवलीस का?" आणि तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

तेराव्यानंतर सुवर्णानं मला त्यांच्या खोलीत नेलं. टेबलावर लेखाचा शेवटचा कागद होता. आप्पांची एक सवय होती: कोरा कागद घेतला की आधी तळाशी सही करायची, मग वरून लिहायला लागायचं. त्या कागदावर दीडच ओळ आहे. मग सगळं कोरं, आणि तळाशी त्यांची सही.

सुवर्णा तो कागद कुणाला हलवू देत नाही.