इंग्लंडहून मिस्टर सुखे

काटकसरीनं माणसाची अब्रू जाते का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. माझी जाता जाता राहिली. चहा घ्या, गार होईल. सांगते.

डोंबिवलीत अख्ख्या बिल्डिंगीत एखाद्याकडेच फोन असायचा, तेव्हाची गोष्ट. आमचे हे कोलशेतच्या एका कंपनीत होते. नवीन मशीन शिकायला कंपनीनं त्यांना दोन महिने इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. तिकीट कंपनीचं, राहणं कंपनीचं, वर रोजचा भत्ता. भत्त्यातलं जे वाचेल ते आपलं! मी मनातल्या मनात टू-इन-वन रेडिओ-टेप घेऊनसुद्धा टाकला. तिकडे पावाचा तुकडा विकत घ्यायला लागू नये म्हणून बॅगेत भाजणी, मेतकूट, लाडू, सगळं कोंबलं. राहता राहिला फोन.

परदेशातून फोन म्हणजे तेव्हा काय महाग! पण त्यातही मला युक्ती सुचली. फोन घेणाऱ्यानं पैसे भरायचे, अशी एक सोय असायची. त्यात ऑपरेटर आधी विचारायचा, "अमुक-अमुक बोलतायत, पैसे भरून घेणार का?" नाही म्हटलं की फोन बंद, खर्च शून्य. पण नाव तर कळलं ना? मग निरोप नावातच घालायचा. मी ह्यांना आडनावं पाठ करून दिली. सगळं ठीक असेल तर 'सुखे'. थंडी बाधली तर 'हिवाळे'. आणि 'येवले' म्हणजे येत्या रविवारी घरी.

आहे की नाही डोकं?

अडचण एकच. फोन तळमजल्यावरच्या दामले काकांचा. काका निवृत्त हेडमास्तर, पोस्टाच्या तिकिटावर शिक्का पडला नसेल तरी ते तिकीट दुसऱ्यांदा न वापरणारे. त्यांना ही युक्ती कळली असती तर त्यांनी फोनला हात लावू दिला नसता. आणि सासूबाईंना सांगावं तर ते संध्याकाळपर्यंत भजनी मंडळात पोचलं असतं. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. इथंच चुकले.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी खालून हाक आली. "सुमन, इंग्लंडहून फोन आहे गं."

मी धावत खाली. काका रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "कुणी मिस्टर सुखे आहेत. पैसे आपण भरायचे म्हणतात. घ्यायचा?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पोचले म्हणायचे सुखरूप. "नको म्हणा काका," मी हसत म्हटलं आणि वर येऊन गोडाचा शिरा केला.

"कोण हे सुखे?" सासूबाईंनी शिरा खाता खाता विचारलं.

"ह्यांच्या ओळखीचे आहेत."

"मग आमच्या अरूला फोन करावा की त्यांनी. तुला कशाला?"

पुढच्या शनिवारी हिवाळे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वेटर पातळच दिला होता मी. "नको म्हणा," म्हणताना आवाज कापरा झाला. दामले काकूंनी तो ऐकला. त्या रात्री मी नीट जेवले नाही, तेही सासूबाईंनी पाहिलं.

आता तुम्हीच बघा. नवरा परदेशात, बाईला दर शनिवारी वेगळ्या पुरुषाचा फोन, एकाच्या नावानं हसते, दुसऱ्याच्या नावानं रडते. जिन्यात मी दिसले की बायका भाजीच्या भावावर बोलायला लागायच्या.

आणि मग तो तिसरा शनिवार. काकांचा चेहरा उजळलेला. "अगं, आज अरविंदच आहे. स्वतः केतकर. घे."

केतकर? माझ्या डोक्यात आलं, हा माणूस आडनावं विसरला आणि घाबरून स्वतःचंच सांगून बसला. म्हणजे काळजीचं काही नाही. आणि पुढचं ऐकत बसण्यात पैसे जायचे. मी झटकन म्हटलं, "नको म्हणा काका."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "नको?"

"नकोच. उगीच खर्च."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. देवापुढे मात्र माझ्याबद्दल बरंच बोलायच्या.

दोन महिने संपत आले. एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येतेय, तर दामल्यांच्या दारात अर्धी बिल्डिंग. आत काका फोनवर कडाडत होते. त्यांनी पैसे भरायचं कबूल करून फोन घेतला होता.

"हे पाहा मिस्टर येवले, ती विवाहित स्त्री आहे. काय? रविवारी येता? घरी? निर्लज्ज आहात! काय म्हणालात? इथंच राहणार?" काकांनी रिसीव्हरवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "मुक्कामालाच येतो म्हणतोय."

मी पिशवी टाकून आत शिरले. "काका, ते हे आहेत."

"हे कोण?"

"हे म्हणजे हेच हो."

तेवढ्यात सासूबाईंनी रिसीव्हर ओढला. "मीच बोलते त्या मेल्याशी." मग त्यांनी पलीकडचा आवाज ऐकला. आणि म्हणाल्या, "अरू? तू त्या येवल्याच्या घरी काय करतोयस?"

मग मला सगळं सांगावं लागलं. सासूबाईंनी तिकडे थंडीपासून लाडवांपर्यंत सगळी चौकशी सावकाश केली. फोन ठेवा म्हणायची हिंमत कुणाची? मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघवेना.

काका खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. "म्हणजे सगळे एकच?"

"हो काका."

"आणि मी अरविंदला निर्लज्ज म्हणालो?"

"मी आत्ताच आले. एकदा तरी ऐकलं."

काकू म्हणाल्या, "त्याआधी दोनदा."

रविवारी हे आले. काकांनी मिठी मारली, सासूबाईंनी दृष्ट काढली, बिल्डिंग पोट धरधरून हसली. सगळे गेल्यावर ह्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक. पण त्या शनिवारी माझ्या खऱ्या नावानं आलेला फोन तू का नाकारलास?"

"तुमचेच पैसे वाचवले," मी म्हटलं.

"अगं, तो फोन कंपनीतर्फे होता. मॅनेजर म्हणाला, घरची आठवण येत असेल, माझ्या केबिनमधून हवं तितकं बोल. सगळे कौतुकानं भोवती उभे राहिले."

"मग?"

"मग काय! ऑपरेटरनं सांगितलं, मॅडम नको म्हणतात. मॅनेजर स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला. निघेपर्यंत अख्खी फॅक्टरी माझ्याशी हळू आवाजात बोलत होती."