रद्द न केलेली नोंद

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादा आणि मी सांगलीत एका खोलीत राहत होतो. एका साखर कारखान्याला उसाच्या रसाचं तापमान थेट संगणकावर हवं होतं. त्यासाठीचं कार्ड संगणकात बसवलं, तरी लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, ते आपोआप कळत नसे. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागे: आधी ड्रायव्हरनं कर्नलकडे स्वतःचं नाव नोंदवायचं, मग कार्डाशी बोलायचं, आणि निघताना ती नोंद रद्द करून जायचं. तो ड्रायव्हर दादानं लिहिला. पसंत पडला तर कारखान्यात नोकरी होती. पण दोघांपैकी एकानं वडूजला शेतीवर परत यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. दादाला नोकरी म्हणजे मला वडूज.

आदल्या दिवशी त्यानं छापलेले कागद माझ्यापुढे टाकले. "वाच रं. तुला पुस्तकातलं लय कळतं."

ड्रायव्हर काढून घेताना चालणाऱ्या भागात त्यानं एकच ओळ ठेवली होती. पडद्यावर शब्द उमटवायचा: 'येतो'.

"घरातनं निघताना 'जातो' कोन म्हनतं व्हय?" तो हसला.

नोंद रद्द करणारी ओळ तिथं नव्हती. मला ते लगेच दिसलं. "बरं हाय," म्हणत मी कागद परत केले.

कारखान्यात तापमान नीट उमटलं. मग साहेबांनी ड्रायव्हर काढायला लावला. 'येतो' वाचून सगळे हसले. साहेबांनी नोंदलेल्या उपकरणांची यादी मागितली. नोंद शिल्लक होती, पण ते नाव जिथं साठवलं होतं ती जागा ड्रायव्हरबरोबरच गेली होती. कर्नल ते वाचायला गेला आणि कोलमडला.

"पाहुणा गेला, आणि दारावर पाटी तशीच?" साहेब म्हणाले. "राहू द्या, आम्ही दुसरं कुणी बघतो."

एस.टी. स्टँडवर दादानं विचारलं, "तुला दिसलं न्हवतं?"

"न्हाई."

"मग माजंच चुकलं."

तो वडूजला गेला. दुसऱ्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून वारला.

तेराव्याला वडील पंगतीत माझ्याशेजारी बसले होते. "त्याला त्यातलं जमत न्हवतं," ते पाहुण्यांना म्हणाले. "ह्यो हुशार. ह्यो टिकला."

मी पान जवळ ओढलं आणि जेवलो.