तीन पाट, तीन दिवे

माझी बायको आणि तिच्या तीन मैत्रिणी चेन्नईच्या मराठी मंडळात अकरा वर्षं एकत्र गायल्या. चौघींचे नवरे केंद्र सरकारच्या नोकरीत. दोन वर्षांत तिघींच्या घरी बदलीची ऑर्डर आली आणि बायको एकटी उरली. तेव्हा मेहुण्याने सिंगापूरहून तिला लूप पेडल आणून दिलं. पायाने दाबून ओळ गायची, पुन्हा दाबलं की ती ओळ फिरत राहते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. अशी ती एकटीच चौघींचं गाणं उभं करायची.

गणेशोत्सवात तिला अड्यारच्या हॉलमध्ये वीस मिनिटं मिळाली. सुरुवातीला एकशे चार माणसं होती, शेवटी एकेचाळीस. पाय साडीत झाकलेला. लोकांना दिसली ती मधूनच तोंड मिटून उभी राहणारी बाई, आणि गाणं चालूच. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, सीडीच लावायची तर आम्ही लावतो की. तुम्ही कशाला उभ्या राहता?" पुढच्या वर्षी एकदा बघू, मग नाही, असंही त्यांनी सांगितलं.

लोकांना काहीतरी दिसायला हवं होतं. ते काम मी अंगावर घेतलं. पूर्वी तिघी जिथे बसायच्या तिथे सव्वा मीटर अंतराने तीन पाट मांडले, प्रत्येकावर पंधरा वॅटचा दिवा. एक ओळ फिरू लागली की मी विंगेतून एक दिवा लावायचा. घरी सतरा वेळा तालीम केली. माझं बटण अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त कधी चुकलं नाही.

पुढच्या गणेशोत्सवात त्या संध्याकाळी एकशे दहा माणसं आली आणि एकही उठलं नाही. तिसरा दिवा लागला तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, जमलं.

गाणं संपलं, टाळ्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एक आजी पुढे आल्या. बायकोचा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "तिघीही गेल्या? कधी गं?"

रिकाम्या जागी दिवा कधी ठेवतात ते मला माहीत होतं. आई गेली तेव्हा तिच्या जागेवरच्या दिव्यात दहा दिवस मीच तेल घातलं होतं. अंतर, वॅट, सेकंद सगळं मोजलं, आणि हे सुचलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, दिवे काढू, दुसरं काही करू, सेक्रेटरींशी मी बोलतो. बायको साडीची घडी घालत होती.

"मलाही तिथं उभं राहून तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "नको आता."

सेक्रेटरींनी पुन्हा बोलावलं नाही. पेडल कपाटात आहे. तिघी ठणठणीत आहेत, दिवाळीला त्यांचे फोन येतात. गाण्याचं विचारलं की बायको इथला उकाडा सांगते.