बेंबी सरकली म्हणून

माझी मुलगी जेवली की पोट धरून बसायची, आणि मी म्हणायची, "झालं, हिचं नाटक सुरू." हे आधीच सांगून टाकते, कारण घरात आता सगळे मला समजावतात की तुला कसं कळणार होतं. कळलं असतं. मी बघितलंच नाही.

फुलचूरला आमचं घर. मी शिकवण्या घेते, त्यामुळे पोरांचे बहाणे ओळखण्यात आपण पटाईत, असा माझा मोठा गैरसमज. गणिताचा पेपर असला की पोट दुखतं, हे मी रोज ऐकते. मग घरचं पोट खरं कसं वाटणार? तिचं तोंड आलं तर मी म्हटलं उष्णता आहे, आणि सब्जाचं पाणी पाजलं. संडासात ती फार वेळ बसायची, तर मी मोबाइल काढून घेतला. शाळा उघडली तेव्हा मागच्या वर्षीचा ड्रेस तिला बरोबर आला, आणि मी शेजारणीला हसत सांगितलं, "यंदा शिंप्याकडे जायचं काम वाचलं." मूल वर्षभर वाढलं नाही आणि आई खूश. काय म्हणावं अशा बाईला?

सासूबाई गोरेगावकडे खेड्यात राहतात. त्यांनी तिला उताणं निजवलं, पायाचे दोन्ही अंगठे जुळवून बघितले आणि म्हणाल्या, "बेंबी सरकली हिची. म्हणून खाल्लेलं अंगाले नाही लागून राहिलं." आमच्याकडे लेकराचं पोट दुखलं की पहिल्यांदा हेच बघतात. माझीही लहानपणी बसवली होती, आणि मला बरं वाटलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, मी तिला स्कूटीवर बसवून गावी न्यायला लागले. सासूबाई तेल लावून बेंबीभोवती चोळायच्या, अंगठ्याने दाबून दाबून. ती तडफडायची, "मम्मी, नको, दुखून राहिलं." मी तिचे हात धरून ठेवायची. "दुखते म्हणजे जागेवर येऊन राहिली," असं मीच तिला सांगायची. सासूबाईंना मी दोष देत नाही, त्यांनी मायेनेच केलं. हात मी धरले होते.

काही आठवड्यांनी तिने दुखतं म्हणणं सोडलं. मी ज्याला त्याला सांगत सुटले, गुण आला.

गुण कसला, डोंबल. संध्याकाळी अंगात कणकण, गुडघा सुजलेला, आणि एकदा संडासात रक्त. तेव्हा कुठे मी घाबरले आणि तिला नागपूरला नेलं. डॉक्टरबाईंनी तिचं पोट हळूच दाबत विचारलं, "इथे दुखतं का?" तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "नाही." दात मात्र घट्ट आवळलेले. पुढे तपासण्या झाल्या, दुर्बीण टाकली. क्रोन्स, म्हणाल्या. आतड्याला सूज आहे, जखमा आहेत, आणि त्या आजकालच्या नाहीत.

बाहेर बाकावर मी चिडूनच विचारलं, "खोटं काऊन बोलली?"

"हो म्हटलं असतं तर त्यांनीही चोळलं असतं."

मी तिथेच, चारचौघांत, रडले. तीच मला म्हणाली, रडू नको.

आता औषधं सुरू आहेत. अंग थोडं धरून राहिली. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, हा आजार जन्मभर सांभाळावा लागतो. दुखलं की तिने लगेच सांगितलं पाहिजे. औषध लागू पडतंय की नाही, हे त्यावरूनही कळतं. म्हणजे सगळं तिच्या सांगण्यावर, आणि तिचं सांगणं मीच बंद करून ठेवलेलं. मी कितीदा तरी म्हटलं, आता कोणी चोळणार नाही, माझं चुकलं बेटा. ती मान डोलावते.

काल दुपारी भात खाता खाता तिचा हात पोटाकडे गेला. मी जवळ जाऊन विचारलं, "दुखून राहिलं का?" तिने हात पटकन ताटाशी आणला. "नाही मम्मी," म्हणाली, आणि मी बघत होते म्हणून आणखी एक घास खाल्ला.