ऍबिगेलचा सुतार

इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या गोदीत ऍबिगेल हे जहाज बांधलं गेलं तेव्हा अँब्रोझ स्केफ एकोणीस वर्षांचा होता. तिच्या तळाच्या फळ्या त्यानंच ठोकल्या आणि मग तिचा सुतार म्हणून तो जहाजावर चढला. आठ वर्षं तिनं लंडनला कोळसा नेला, पाच वर्षं रिगाहून लाकूड आणलं. तोवर सुकाणूखालची फळी कुजायला लागली होती.

त्याला उतरायचं होतं. पण अमेरिकेतली लढाई पेटली आणि आरमाराची टोळी बंदरात सापडेल त्या खलाशाला जबरदस्तीनं लढाऊ जहाजांवर उचलून न्यायला लागली. अँब्रोझकडे या भरतीतून माफीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'ऍबिगेलचा सुतार'. जहाज सोडलं की कागद रद्द. शिवाय टोळीवाले कधीकधी कागदच फाडून टाकत, म्हणून बंदरात आला तरी तो जमिनीवर पाय ठेवत नसे. त्याची बायको डोर्कस होडीतून हेरिंग मासे अन् पाव घेऊन यायची.

"पोरीला वाटतं, बाप म्हणजे कठड्यावरून हात हलवतो तो माणूस," ती खालून म्हणाली.

"इकडे आड, तिकडे विहीर, डोर्कस. काय करू?"

कप्तान मारवुडला त्याची अडचण नेमकी ठाऊक होती. फळी बदलायचं नाव काढलं की तो म्हणे, "स्केफ, शिडी ती बघ तिथं आहे. मी अडवलंय का तुला?"

पुढं मालकानं जहाज ग्रीनलंडला देवमाशांच्या शिकारीवर धाडलं. तिथं ते बर्फात अडकलं. अठरा दिवस सगळ्यांनी पाणी उपसलं. एकोणिसाव्या दिवशी तळ फुटला. माणसं बर्फावरून चालत दुसऱ्या जहाजावर पोचली. आपण सुटलो, असं अँब्रोझला वाटलं.

व्हिटबीचा डोंगर दिसत असताना आरमाराची बोट आडवी आली. अधिकाऱ्यानं कागद वाचला.

"ऍबिगेल कुठाय?"

"बुडाली, साहेब."

"मग तू कुणाचा सुतार?"

मारवुड समुद्राकडे बघत उभा राहिला.

तीन वर्षांनी, तह झाल्यावर, अँब्रोझ आरमारातून सुटून घरी आला. पोर त्याला काका म्हणाली. नंतर तो गावात दारं-खिडक्या बनवत राहिला. डोर्कस मासे आणायला धक्क्यावर निघाली की तो धक्क्याआधीच्या पुलापर्यंत सोबत जाई, आणि जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या की तिथूनच मागं फिरे.