सरलाबाईची पाचवी मूठ

सरलाबाईला स्वस्थ बसवत नाही. बावीस वर्षं आम्ही डिंडोलीत शेजारी, एकाच ओट्यावर साड्यांना लेस लावतो. टीव्हीवर दोन बायकांच्या लग्नाचा वाद लागला की ही आवाज बंद करते आणि चित्र मात्र टक लावून बघते. तिची लेक योगिता तीन वर्षं गायत्रीबरोबर पर्वत पाटिया भागात राहते. मैत्रिणी आहेत म्हणून आम्ही सगळ्यांनीच त्यावर पांघरूण घातलं होतं.

मी परभणीकडची; कानबाई ही यांची, खानदेशातली देवी. श्रावणात ती बसवतात, तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट करतात. ते फक्त घरच्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही मिळत नाहीत. गेल्या वर्षी गायत्रीला ओट्यावर वेगळं ताट दिलं. ती निमूट जेवली, वर सगळ्यांची भांडी घासली. मलाच लाज वाटली.

यंदा योगिताने फोनवर सांगून टाकलं, "तिची मूठ नसेल तर मीही येणार नाही."

शनिवारी दुपारी सरलाबाई गहू मोजायला बसली. नवरा सुकलाल, मुलगा योगेंद्र, स्वतः, योगिता. चार झाल्या की थांबायची, सगळं परत डब्यात ओतायची. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा मी चिडले. "बाई, एवढं चिवडलंत तर इथंच पीठ व्हायचं!"

तेवढ्यात तिचे थोरले दीर धुडकूआबा आले. कानबाई सगळ्या भाऊबंदांची एकत्र बसते, आणि त्यांच्यात आबांचा शब्द शेवटचा.

"कितल्या मुठी?"

"पाच." बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

आबा हसले. "कोर्ट बी अशा लगनले नही म्हनस, आनि तू मानस? बरं, मान. मंग लगन व्हयेल पोर परकी. योगितानी बी मूठ काढ. तीनच ऱ्हायन्यात."

मी गारच पडले. म्हातारा भलता हुशार.

सरलाबाई उठली, दारापर्यंत गेली, परत आली. डोक्यावर पदर ओढला. "मन्ही पोर कोठेच गई नही, आबा. गायत्री मन्हा घर उनी."

"मंग आमना रोट न्यारा," म्हणत आबा चहा न घेताच निघून गेले.

दिराला उलट बोलायची ही तिची पहिलीच वेळ. भीती मलाही वाटत होती. पाचवी मूठ तिने इतकी आवळली की दाणे बोटांतून निसटले. ते वेचून तिने पुन्हा मूठ भरली, वर पाव मूठ घातली. मग फोन लावला.

"योगिता, सकाळमा लवकर या, दोन्हीजनी. रोटना गहू घरनी सूनलेच दळना पडतस."